बेलटोलीपुढचं शून्य

सकाळी सव्वासातला वीज गेली. २००८ सालचा जानेवारी होता, आणि आमच्या बोरगाव मेघेत वीज कधी जाणार, कधी येणार हे तेव्हा कॅलेंडरवर लिहून ठेवावं लागे. मिक्सरमध्ये जवसाची चटणी अर्धवट राहिली होती, ती मी खलबत्त्यात काढली. योगेंद्र, माझे यजमान, अंगणात तुळशीच्या ओट्याला आरसा टेकवून दाढी करत होते.

"माझा चष्मा पाहिला का गं?"

"फ्रीजवर असेल. काल तिथंच उभ्यानं पेपर वाचत होता तुम्ही."

तेवढ्यात फाटक वाजलं. कोणीतरी बोटाच्या पेरानं लोखंडावर टक-टक केलं, थांबलं, पुन्हा टक-टक.

"डबल बेल," योगेंद्र गालाला साबण लावतच म्हणाले. "चला, सुटली गाडी."

फाटकाबाहेर साठीचे एक गृहस्थ सायकल धरून उभे होते. खाकी पँट, वर घरी धुतलेला पांढरा सदरा, कानाला मफलर. फाटक नुसतं लोटलेलं होतं, ढकललं असतं तर उघडलं असतं. पण ते आत आले नाहीत. मी "या" म्हटलं तेव्हाच सायकल स्टँडला लावली आणि चपला पायरीच्या खाली काढल्या.

"मॅडम, कॉम्प्युटरवर मराठीत लिवता त्या तुमीच ना? माही सून आचल हळदीकुंकवाले आलती तुमच्याकडं, तिनं सांगतलं. मी बंडू वैरागडे. एस.टी.त कंडक्टर होतो. मागच्या साली रिटायर झालो. सिंदी मेघेले पोराकडं राह्यतो."

योगेंद्रांनी फेसाळल्या तोंडानं माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं.

हळदीकुंकवाची गोष्ट अशी होती. आमचा नीलेश इंजिनियरिंगला पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. जायच्या आधी त्यानं मला देवनागरीत टाइप करायला शिकवलं होतं. त्यातून मला विकिपीडिया सापडला. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, कोणीही लिहावं, कोणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं. लग्नाआधी मी इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. नंतरची बावीस वर्षं किराण्याच्या याद्या सोडल्या तर हातात पेन धरला नव्हता. मी अंबाडीवर लिहिलं, जवसावर लिहिलं, माझ्या माहेरच्या आर्वीवर चार ओळी वाढवल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना वाण म्हणून प्लास्टिकचा डबा दिला आणि सोबत कॉम्प्युटर उघडून हे सगळं दाखवलं. कौतुक डब्याचं जास्त झालं. पण आचल एकटी मागं थांबून बघत होती, हे आता आठवलं.

"मले शिकाचं हाय," बंडूजी म्हणाले.

"काय लिहायचंय तुम्हाला?"

"गावं."

त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पानापानावर गावांची नावं, एकाखाली एक, जशी गाडी जाईल तशी. कुठं फाटा, कुठं नुसता थांबा, कुठं शाळेपाशी वळण.

"पस्तीस वर्षं ही नावं वरडलो मी गाडीत. आचलनं परवा कॉम्प्युटरवर टाकून पाह्यली. धा टाकली तं एक सापडलं. बाकीची गावं हायेतच नाई म्हना की!" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "सगळी नाई झाली तरी चालते मॅडम. एक तं झालंच पाह्यजे. बेलटोली."

"कुठं आली ही बेलटोली?"

"तरोडखेड्याच्या पुढं. गोंडांची वस्ती हाय. तिचं शेवटी लिवू. आधी हात बसू द्या."

मी म्हटलं, मॅडम नका म्हणू, ताई म्हणा. मी त्यांना काकाजी म्हणू लागले. मंगळवार आणि शुक्रवार ठरले, सकाळी साडेअकराला, वीज परत आल्यावर.

शिकवणं सोपं नव्हतं. माउस त्यांनी हातात घेतला तो तिकिटाला पंच मारल्यासारखा, पूर्ण पंजानं दाबून. एका क्लिकला टेबल हले. "हळू काकाजी, तो तुटत नाही पण घाबरतो," मी म्हणे. अक्षर शोधताना ते तोंडानं मोठ्यानं म्हणत, "क… क… काना… कुठं गेला काना?" आणि सापडला की माझ्याकडे असं बघत, जसं प्रवाशानं हरवलेलं तिकीट सीटखालून काढून दाखवावं. मी समोर बसून मेथी निवडायची. घाई केली की ते गोंधळत, म्हणून मी मेथीबद्दल बोलायला लागायची आणि त्यांच्या बोटाला तो काना आपोआप सापडायचा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिला लेख लिहिला, घरून कागदावर आणून. एका गावावरचा. मी वाचायला घेतला.

"मा. साहेब यांच्या सेवेशी. विषय : गावाची माहिती सादर करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर गावी अंदाजे शंभर घरे असून…" खाली आपला विश्वासू, सही, आणि बिल्ला क्रमांक.

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. माणसानं जन्मभर जे लिहिलं, तेच तो लिहिणार. मी सांगितलं, इथं साहेब नाही. कोणाला विनंती करायची नाही. गाव आहे, ते कुठं आहे, तिथं काय आहे, एवढंच. आणि खाली सही नाही.

सही नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं,

"सही नाई तं मंग जिम्मेदारी कोनाची?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना लेखाच्या वरचं 'इतिहास' हे बटण दाबून दाखवलं. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता शब्द घातला, कोणता काढला, सगळं ओळीनं उघडलं. मी अंबाडीच्या लेखात एकदा चुकीचा महिना लिहिला होता, तोही तिथं होता, आणि नंतर केलेली दुरुस्तीही.

बंडूजी खुर्चीतून पुढं वाकले. "हे वेबिलच झालं की." वेबिल म्हणजे कंडक्टरचा फेरीचा कागद, कोणत्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, तो त्यावर मांडत जातो. "अन् हे खोडता येते?"

"दुरुस्त करता येतं. पण आधी काय लिहिलं होतं ते राहतंच."

"राह्यतेच," ते म्हणाले. पुष्कळ वेळ ते त्या पानाकडे बघत बसले. मला वाटलं, डोळे दुखले असतील. मी चहा टाकायला उठले.

मार्चपर्यंत त्यांची अकरा गावं झाली. चार-चार ओळींचे लेख, पण स्वच्छ. गावाचं नाव, तालुका, जवळून जाणारा नाला, शाळा कितवीपर्यंत, बाजार कोणत्या वारी. असं लिहिताना ते खुलत. "या गावची म्हातारी माणसं गाडी आली तरी उठत नाईत. गाडी फिरून येताना बसतात. मंग मी म्हनो, बुवा, काऊन उठत नाई? तं म्हने, तू कुठं पळून राह्यला?" हे लेखात घालता येणार नाही म्हटल्यावर ते खिन्न होत आणि मग पुढचं गाव काढत.

एका शुक्रवारी त्यांच्या नावाच्या चर्चापानावर निरोप आलेला दिसला. दूरच्या शहरातल्या एका संपादकाचा. त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. अगदी नम्र भाषेत त्यानं विचारलं होतं : आपण लिहिलेली सगळी गावं तालुक्याच्या ठिकाणापासून सहा, बारा, अठरा किंवा चोवीस किलोमीटरवर आहेत. एकही गाव सात किंवा पंधरा किलोमीटरवर नाही. हे अंतर कुठून घेतलं?

मी वाचून दाखवलं. बंडूजींनी डोक्याला हात लावला.

"टप्पा," ते म्हणाले. "ताई, आमाले रस्ता टप्प्यानंच माहीत हाय. सहा किलोमीटरचा एक टप्पा. गाव पाच असो का साडेसात, मानसाले तिकीट टप्प्याचंच लागते. मले तं कधी वाटलंच नाई का मधात बी रस्ता असते."

ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी अकराही लेखांतली अंतरं दुरुस्त करायची असं ठरवलं, आणि माझ्याकडून एकही करून घेतलं नाही. पण खरं अंतर कुठून आणायचं? मी त्यांना संदर्भाची गोष्ट समजावली. आपल्याला माहीत आहे हे पुरेसं नाही. कुठंतरी छापलेलं पाहिजे, म्हणजे दुसरा माणूस ते उघडून तपासू शकेल. ते वर्ध्याच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागले. जनगणनेचं जाडजूड पुस्तक, जिल्ह्याचे नकाशे. वहीत लाल पेननं पान क्रमांकासकट उतरवून आणत. मला म्हणाले, "पस्तीस साल जे पाठ होतं, ते पुस्तकात पाहून लिवाले लाज नाई वाटत. बरं वाटते."

मे महिना लागला. ऊन चटके देत होतं, तरी ते सायकलनं येत, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. एक दिवस मीच म्हटलं, "काकाजी, हात बसला आता. बेलटोली लिहायची ना?"

ते म्हणाले, "हो."

त्या दिवशी त्यांनी कागद आणला नव्हता. सरळ टाइप करायला बसले. मी आतून कैरीचं पन्हं करून आणलं तोवर त्यांचं झालं होतं, आणि ते मागं टेकून बसले होते. जतन केलं नव्हतं. मी वाचलं.

"बेलटोली ही तरोडखेडा गावाजवळची गोंड वस्ती आहे. येथे सत्तावीस घरे आहेत. येथे एस.टी. बस येत होती. ती १९९६ साली बंद झाली. ती कंडक्टरने वेबिलात खोटे शून्य मांडल्यामुळे बंद झाली."

मी पन्ह्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

"तो कंडक्टर मी," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, टेबलावरच्या ग्लासाकडे बघत, एकेक करून.

गाडी सकाळी निघे, तरोडखेड्याहून पुढं बेलटोलीपर्यंत जाई, तिथं वळून परत येई आणि मोठ्या गावाला जाई. तरोडखेड्याची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी मोठ्या गावाला जावं लागे. बेलटोलीतून तीन पोरी त्या गाडीनं शाळेत जात. त्या वस्तीतून आठवीत जाणाऱ्या त्या पहिल्याच. शेवटचा रस्ता कच्चा होता. एकदा गाडी नाल्यापाशी रुतली आणि दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर हिरालाल म्हणाला, आज राहू दे, रस्ता ओला हाय. गाडी तरोडखेड्यातूनच वळवली. अर्धा घंटा मोकळा मिळाला. दोघांनी हॉटेलात बसून भजी खाल्ली.

"रस्ता तं चार दिवसांत सुकला ताई. भजे नाई सुटले."

वेबिलात बेलटोली तर मांडायला हवी. गाडी गेलीच नाही असं लिहिलं तर जबाब द्यावा लागेल. म्हणून त्यांनी गाडी गेली असं लिहिलं, आणि पुढं मांडलं : चढले शून्य, उतरले शून्य. दररोज. पोरी अडीच किलोमीटर चालत तरोडखेड्याला येऊन गाडी धरू लागल्या. त्यांचं तिकीट मग तरोडखेड्याहूनच फाटे. कागदावर बेलटोलीत माणूसच उरला नाही.

"हिरालाल वारला. त्याच्यावर टाकाचं नाई मले. गाडी तो वळवे, पन शून्य मी मांडो."

"आणि मग?"

"आठ महिन्यांनी डेपोत साहेबानं आकडे पाह्यले. साहेबाची काय चूक? आठ महिने एक मानूस चढत नाई, एक उतरत नाई, तं कायले डिझेल जाळाचं? फेरी कापली. तरोडखेड्यातून वापस."

मग म्हणाले, "पन ते बी नाई ताई. त्याच्या आधीचं हाय." त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर ठेवले. "फेरी कापाच्या आधी, एक दिवस तरोडखेड्याले एक बाई गाडीपाशी आली. रुखमाबाई. तिची पोरगी चंचल, त्या तिघींतली. पोरगी मांगं उभी होती, पाय चिखलानं भरलेले. बाई म्हने, कंडक्टर भाऊ, आमच्याकडं काऊन येत नाई गाडी? मी खिडकीतून म्हन्लं, वरून ऑर्डर हाय बाई. आमच्या हातात काई नाई."

"ऑर्डर नव्हती."

"काईच नव्हती. बाईनं हात जोडले मले. म्हने, साहेबाले सांगजा भाऊ. मी म्हन्लं, सांगतो."

नाल्याला पाणी आलं तेव्हा पोरी शाळेला जायच्या थांबल्या. एकेक करून. चंचल सर्वांत शेवटी. गाडीच्या बाहेर गणिताचं पुस्तक छातीशी धरून उभी राहणारी ती पोरगी त्यांना बारा वर्षं जशीच्या तशी दिसत होती. तिचं पुढं काय झालं ते त्यांनी इकडून तिकडून ऐकलं होतं : पंधराव्या वर्षी लग्न, आता दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाते. पुन्हा बेलटोलीत ते कधी गेले नव्हते. दुसरी ड्यूटी मागून घेतली होती.

"म्हनून मले हे लिवाचं हाय," ते स्क्रीनकडे बोट करून म्हणाले. "तुमीच दाखवलं. इथं खोडलं तरी राह्यते."

मी त्या पाच वाक्यांकडे बघत बसले. मनात आलं, असू दे. कोण येतंय बघायला? एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला उतार पडत असेल तर ज्ञानकोशाचं काय जातं? पण चार महिने मीच त्यांना शिकवलं होतं की छापलेलं पाहिजे, दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. तो नियम अंतराला लावायचा आणि याला नाही, असं कसं?

"काकाजी, याला संदर्भ काय द्यायचा?"

"मी हावो ना. जिता-जागता."

"तुम्ही सांगताय ते खरं आहे. मला त्यात शंका नाही. पण इथं आपण स्वतःचं स्वतः सांगितलेलं चालत नाही. उद्या कोणी उठून तुमच्याविषयी खोटं लिहील आणि म्हणेल मी होतो तिथं. ते कसं अडवणार?"

"मी दुसऱ्यावर नाई लिवून राह्यलो. माह्यावर लिवून राह्यलो!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. आतल्या खोलीतून योगेंद्र डोकावले आणि गुपचूप मागं गेले.

"आणखी एक आहे," मी हळूच म्हटलं. "बेलटोलीला वेगळं पान मिळेल असं वाटत नाही. तुम्हीच पाहिलंय जनगणनेचं पुस्तक. त्यात बेलटोली नाही. तिची माणसं तरोडखेड्यातच मोजलेली आहेत."

"म्हंजे तिथं बी शून्य," ते म्हणाले.

त्यांनी माउस घेतला आणि 'जतन करा'वर दाबलं. "काढलं तं काढलं," म्हणाले, आणि पन्हं न पिताच सायकल काढली.

मंगळवारी ते आले तेव्हा पान काढलेलं होतं. त्याच संपादकाचा निरोप होता, तसाच नम्र : ही वस्ती तरोडखेडा या लेखात नोंदवावी, आणि बस बंद होण्याचं कारण व्यक्तिगत अनुभवावरून लिहिलेलं दिसतं, प्रकाशित संदर्भ मिळाल्यास जरूर घालावं. आपलं गावांवरचं काम मोलाचं आहे, असंही खाली होतं. मला वाटलं होतं काकाजी रागावतील. त्यांनी निरोप दोनदा वाचला, बोटानं ओळ धरून.

"बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "त्याले काय माहीत मी कोन. माह्या सांगन्यावर भरवसा ठेवला म्हनूनच तं ती गाडी बंद झाली."

आम्ही शोधायला लागलो. पुढचे तीन आठवडे ग्रंथालय, पंचायत समिती, जुनी कपाटं. अखेर जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याची एक जुनी छापील पुस्तिका त्यांना सापडली. कोणत्या वस्तीला हातपंप, तिची घरं किती, मूळ गावापासून अंतर किती. त्यात बावन्नाव्या पानावर बेलटोली होती. घरं चोवीस, अंतर अडीच किलोमीटर. मोटारस्टँडवरून फोन लावला त्यांनी मला. "ताई, सापडली," एवढंच म्हणाले. मागं गाडी लागल्याची घोषणा ऐकू येत होती.

तरोडखेड्याच्या लेखात त्यांनी स्वतः ओळ घातली : "बेलटोली ही गोंड वस्ती या गावापासून अडीच किलोमीटर अंतरावर आहे." पुढं पुस्तिकेचं नाव आणि पान बावन्न. एक आठवडा झाला, दोन झाले, ती ओळ राहिली. त्या दूरच्या संपादकानं येऊन फक्त संदर्भाची मांडणी नीट केली आणि आभार मानले.

मला बरं वाटलं. त्या शुक्रवारी मी मुद्दाम कोथिंबिरीची सांबारवडी केली. योगेंद्रही जेवायला थांबले होते. त्यांना आता काकाजींची सवय झाली होती. "काय कंडक्टरसाहेब," ते म्हणाले, "मिळाली ना शेवटी बेलटोलीला जागा?"

"मिळाली साहेब. बसाले मिळाली," बंडूजी म्हणाले. पण ते हसले नाहीत. वडी तशीच राहिली.

योगेंद्र ऑफिसला गेले. मी कॉम्प्युटर लावायला उठले, तर ते म्हणाले, "आज राहू द्या ताई. बसा जरा."

मी बसले.

"काल मी आचलले म्हन्लं, ते पान दाखव. तिनं दाखवलं. मी वाचलं. चांगलं हाय. खोटं काईच नाई त्याच्यात." ते बोलता बोलता ताटाखालचा पाट सरळ करत होते. "अन् मंग माह्या ध्यानात आलं. रुखमाबाईले वाचता येत नाई. चंचलच्या घरी कॉम्प्युटर नाई. मी ते कोनाले सांगून राह्यलो? ज्याले सांगाचं त्याले तं अजून वरून ऑर्डर हाय असंच माहीत हाय. ते बाई अजून साहेबावर रागावली असंन."

"ती आहे तिथं अजून?"

"हाय. तरोडखेड्याच्या हॉटेलवाल्याले इचारलं मी परवा फोनवर. म्हातारी झाली. मंगळवारी तरोडखेड्यात बाजार असते. तिची पोरगी बी त्या दिवशी मायकडं येते." त्यांनी मफलर उचलला आणि मांडीवर घडी घातली. मेच्या उन्हातही तो त्यांच्या पिशवीत असे. "बारा साल झाले, त्या फाट्याकडं पाय वळत नाई. गाडीत बसलो अन् अर्ध्यातून उतरलो, दोनदा."

स्वयंपाकघरात नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. एरवी मी उठले असते.

"तुमी मले पाच महिने शिकवलं," ते म्हणाले. "मांगाचं काई राह्यलं असं नाई. एकच मांगतो. येत्या मंगळवारी शिकवू नका मले. माह्यासंगं बेलटोलीले चाला. तरोडखेड्यापासून पायी हाय. बोलाचं ते मी बोलतो. तुमी फक्त माह्या बाजूले बसून राहा."